राउटिंगचं पहिलं पुस्तक निवडताना काय तपासावं?

राउटिंग म्हणजे नेटवर्कमध्ये पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, वाट ठरवून देणं. नवशिक्यांसाठीच्या राउटिंगच्या पुस्तकांत प्रस्तावना सगळ्यांच्याच छान असतात. ती सोडा आणि थेट आत शिरा.

आधी आवृत्तीचं साल बघा. परीक्षेसाठी घेत असाल तर परीक्षेचा क्रमांकही जुळवा. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ या क्रमांकाने सुरू झाली. त्याआधीची पुस्तकं वेगळ्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहेत. फ्रेम रिले या जुन्या तंत्राला अख्खं प्रकरण आणि आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीला दोन पानं दिसली, तर पुस्तक खाली ठेवा.

मग सबनेटिंगचं, म्हणजे नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचं, प्रकरण उघडा. १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग हव्या तेवढ्या लांबीचा ठेवायची पद्धत, आलं आणि पत्त्यांची क्लास ए, बी, सी ही ठरावीक विभागणी मागे पडली. इतिहास म्हणून ती सांगायला हरकत नाही, पण क्लास ओळखून मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा) ठरवायला शिकवणारं पुस्तक आज कामाचं नाही.

खरी कसोटी मात्र राउटिंग टेबलच्या, म्हणजे राउटरकडच्या वाटांच्या यादीच्या, प्रकरणात लागते. तिथे निवांत थांबा आणि एक प्रश्न डोक्यात धरून वाचा. समजा, टेबलमध्ये दोन नोंदी आहेत: १०.१.०.०/१६ स्टॅटिक (हाताने घातलेली), आणि १०.१.५.०/२४ ओएसपीएफकडून (राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलकडून) आलेली. तिरक्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे; तो भाग म्हणजे प्रीफिक्स. १०.१.५.९ ला निघालेलं पॅकेट कुठल्या वाटेने जाईल? सिस्कोच्या राउटरवर स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेच्या स्रोतावरचा भरवसा; आकडा कमी तितका भरवसा जास्त) १ आणि ओएसपीएफचं ११०, म्हणून नवशिका हमखास स्टॅटिक म्हणतो. पॅकेट जातं ओएसपीएफच्या वाटेने, कारण पुढे पाठवताना सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स जिंकतो. डिस्टन्स बघितलं जातं ते एकाच प्रीफिक्सवर दोघांनी दावा सांगितला तर, आणि तेही नोंद टेबलमध्ये येण्याआधी. ‘कमी डिस्टन्सवाली वाट निवडली जाते’ एवढ्यावर भागवणारा लेखक पुढे कमांडच पाठ करून घेणार, असं समजा.

पॅकेटच्या प्रवासाचं चित्रही शोधा. इथरनेटवर दर राउटरपाशी मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) बदलतात. नॅट (वाटेत आयपी पत्ता बदलणारी सोय) नसेल तर आयपी पत्ते तेच राहतात. दोन्ही पत्ते प्रत्येक टप्प्यावर छापलेले असतील, तर लेखकाने कष्ट घेतलेत.

शेवटी सरावाची एक-दोन गणितं स्वतः सोडवून छापील उत्तरांशी ताडून बघा. /२६ मध्ये पत्ते ६४, पण उपकरणांना देता येतात ६२. अशा ठिकाणी छपाईच्या चुका फार. पर्याय क्रमांक छापून मोकळी होणारी उत्तरं एकट्याने शिकणाऱ्याला पुरत नाहीत, बाकीचे पर्याय का चुकले हेही हवं. प्रकाशकाने शुद्धिपत्रक दिलं असेल तर नाक मुरडू नका. पुस्तक कोणीतरी बारकाईने वाचलंय, एवढं त्यातून नक्की कळतं.