संभोगावेळी दुखतं? आधी जागा आणि वेळ टिपा

डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं ‘दुखतं’ म्हणून भागत नाही. कुठे आणि कधी, हे आधीच लिहून न्या: सुरुवातीलाच योनीमुखाशी, की आत खोलवर? पाळीच्या आसपास वाढतं का? नंतर किती वेळ राहतं?

योनीमुखाशी आग होत असेल तर बऱ्याच बाया बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावतात. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर बुरशीची शक्यता असते, पण स्राव तपासून घ्या. कोरडेपणाही तितकाच सर्रास आढळतो. रजोनिवृत्तीनंतर किंवा अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि आतलं अस्तर पातळ पडतं. पाण्यावर आधारित जेलने घर्षण कमी होतं, अस्तर मात्र सुधारत नाही. त्यासाठी डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊ शकतात. लेटेक्स कंडोम वापरत असाल तर तेल किंवा व्हॅसलीन नको, तो फाटतो. त्वचेवर पांढरे चट्टे आणि खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो. त्वचा नीट दिसते, पण कापसाचा बोळा टेकवला तरी झोंबतं, हे नसांशी निगडित दुखणं असू शकतं. तेही डॉक्टरना सांगा. बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रणही दुखतो.

टॅम्पॉन किंवा बोटही आत जात नसेल, स्नायू आपोआप आवळत असतील, तर तो वजायनिस्मस. दात-ओठ खाऊन सहन केल्याने आवळणं आणखी पक्कं होतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि क्रमाने वाढत्या आकाराचे डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या), हा खरा मार्ग. इथे केगेलसारखे आवळण्याचे व्यायाम स्वतःहून सुरू करू नका, त्रास वाढू शकतो.

खोलवर दुखत असेल आणि पाळीही असह्य होत असेल, पाळीत शौचाला दुखत असेल, तर एन्डोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, त्या आजाराचा) विचार करायलाच हवा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही, हे ठासून सांगा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), अंडाशयातली गाठ, गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग, जुन्या ऑपरेशननंतर आत चिकटलेले पडदे हीही कारणं असतात. लघवी साठली की दुखतं आणि झाल्यावर बरं वाटतं, असं असेल तर मूत्राशय तपासा. तोवर संभोगात किती आत जायचं हे स्त्रीच्या ताब्यात राहील अशी स्थिती निवडा.

तपासणीत लहान स्पेक्युलम (योनी उघडून पाहायचं उपकरण) मागता येतो, मध्येच थांबवताही येतं.

ओटीपोटात दुखण्यासोबत ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव, एकदम उठलेली तीव्र कळ, किंवा गरोदरपणाची शक्यता असताना दुखणं: त्याच दिवशी दवाखाना गाठा. संभोगानंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्त गेलं, तर दुखणं नसलं तरी गर्भाशयमुख आणि गर्भाशय तपासून घ्या.