संशोधन केंद्रात पंधरवड्याची कौशल्य बैठक कशी बसवावी

तालुक्याच्या महाविद्यालयाला संशोधन केंद्राची मान्यता मिळते, सात-आठ जणांची पीएच.डी.ला नोंदणी होते, कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम, पार पडतं. त्यानंतर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) ते प्रबंध या लांब पल्ल्यात विद्यार्थी एकटा पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसीच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं आणि त्यात ५५ टक्के गुण हवेत. पण ज्या आठवड्यात प्रश्नावली करायची आहे, त्या आठवड्यात वर्षभरापूर्वी ऐकलेलं व्याख्यान हाताशी नसतं. एकदिवसीय कार्यशाळेचंही तेच होतं. ऐकलेलं स्वतःच्या मजकुरावर करून पाहिलेलं नसतं, म्हणून ते टिकत नाही. नियमावलीत एका प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, अशी कमाल मर्यादा आहे. एवढ्या जणांना गाईडने एकेकट्याने फाँटपासून नमुना निवडीपर्यंत सगळं शिकवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून केंद्राने दर पंधरवड्याला बैठक बसवावी, आणि प्रत्येकाने तिथे आपलंच काम घेऊन यावं.

वेळ शनिवारी दुपारी १ ते ३:३० ठेवा. मराठवाड्यात पीएच.डी. करणारे बरेच जण शाळेत नोकरीला असतात किंवा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे ही वेळ जमते, आणि साडेतीनला सुटका झाली की गावाकडची एसटीही मिळते. ज्यांना लहान मूल आहे त्यांना ते बरोबर आणू द्या. शेजारच्या खोलीत सतरंजी आणि कुणीतरी लक्ष द्यायला, एवढं पुरतं.

दहापेक्षा जास्त जण नकोत. पहिला अर्धा तास प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं: गेल्या पंधरवड्यात काय झालं, काय अडलं, पुढच्या वेळी काय आणणार. मग एक तास एकच कौशल्य, आणि शेवटचा एक तास गप्प बसून लिहिणं, फोन टेबलावर पालथे. हा शेवटचा तास काटायचा मोह फार होतो, पण तो काटू नका. घरी शेती, नोकरी आणि पाहुणेरावळे सांभाळणाऱ्या माणसाला सलग एक तास इथेच मिळतो. सॉफ्टवेअर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण एका हॉटस्पॉटवर दहा जणांनी डाउनलोड लावलं की तास त्यातच जातो. लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणायला सांगा.

गाईडांना बोलवा, पण पहिली फेरी संपल्यावरच. पहिल्या फेरीत गाईड समोर असले की "काय अडलं" याला "काही नाही सर, चालू आहे" एवढंच उत्तर येतं.

पहिल्या दोन बैठका टंकलेखनाला द्या. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचे प्रबंध मराठीत लिहिले जातात, आणि हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे देण्याची पद्धत अजून आहे. तिथे मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतो. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. त्या संगणकात तो फाँट आहे तोवर ठीक, दुसरीकडे उघडलं की कचरा. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो कचराच दिसतो, आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवलेला असा प्रबंध मराठी शब्द टाकून कुणालाही शोधता येत नाही. चार-पाच वर्षांची मेहनत अशी झाकली जाऊ नये.

ओळखायची रीत सोपी आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आलं तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच राहणारा मजकूर; चिन्हं आली तर जुना फाँट. ही परीक्षा वर्डच्या फाइलवरच घ्या. पीडीएफमधून कॉपी करताना युनिकोड मजकुराच्याही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, म्हणून मूळ वर्ड फाइल कायम जपा.

जुन्या मजकुराचं कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण त्यानंतरची तपासणी टाळता येत नाही. ठरलेल्या जागी चुका होतात: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढेमागे सरकते, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो, आणि "शेतकऱ्यांना"चं "शेतकर्यांना" होतं. शेतीवरच्या प्रबंधात हा एकच शब्द शेकडो वेळा येतो. म्हणून शब्दांची एक यादी करा: शेतकऱ्यांना, दुसऱ्या, सर्व, विद्यार्थी, स्त्रिया, अंतःकरण, ॲड. प्रत्येक शब्द कंट्रोल-एफने शोधा. जो सापडायला हवा आणि सापडत नाही, तिथे रूपांतर बिघडलं आहे.

खरा उपाय म्हणजे स्वतः टाइप करणं. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक फुकट आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की झालं. "ऱ्या" लिहिताना शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. एवढा क्रम बोटांत बसला की डीटीपीवाल्यालाही न जमणारं अक्षर जमलं म्हणून समजा. रोज वीस मिनिटं, तीन-चार आठवडे. पहिला आठवडा वैताग येतो, नंतर हात आपोआप चालतो.

तिसरी बैठक नोंदी आणि संदर्भांची. झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची लावणारं मोफत सॉफ्टवेअर बसवा आणि प्रत्येकाने स्वतःच्या विषयाचे पाच संदर्भ तिथेच भरायचे. आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत घाला. एकाच रकान्यात सगळं लिहिलं तर संदर्भसूची पहिल्या नावाने लागते आणि शेवटी तीनशे नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. प्रत्येक लेखाची टिपणी पाच ओळींची ठेवा: प्रश्न काय, पद्धत काय, कुठला आणि कोणत्या वर्षीचा अभ्यास, निष्कर्ष पान क्रमांकासह, आपल्या कोणत्या प्रकरणात उपयोग. आठवड्याला तीन टिपण्या केल्या तरी वर्षात दीडशे होतात. टिपणी लेख मिटवून आपल्या शब्दांत लिहायची. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणात टाकून पान क्रमांक जोडायचा, कारण वर्षभराने आपलं वाक्य कोणतं आणि उचललेलं कोणतं हे आपल्यालाच ओळखता येत नाही. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं लबाडीतून नव्हे, तर या आळसातून उभी राहतात.

टक्केवारीचे नियम सगळ्यांना पाठ हवेत. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादरच करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि संदर्भ देऊन केलेली अवतरणं यात मोजत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोगाने जुळलेला मजकूरही नाही. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद सॉफ्टवेअरला सापडला नाही तरी परीक्षकाला सापडतो. तिथेही संदर्भ द्यायचाच.

लेख मिळवायला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, पण ती शासकीय संस्थांसाठी. आपलं महाविद्यालय त्यात येतं का, हे ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर तीन-चार महिन्यांतून एक दिवस काढून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसा आणि आधीच केलेल्या यादीप्रमाणे लेख उतरवा. मान्य नियतकालिकांची युजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. "पैसे भरा, आठवड्यात छापतो" असं म्हणणारं कुणी भेटलं तर तिथून परत फिरा.

आता क्षेत्रकार्य. इथे मराठवाड्याचं पंचांग माहीत नसलेला अभ्यास फसतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. डिसेंबरमध्ये घरोघर पाहणी केली तर दारात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलं भेटतात. विद्यार्थी तेवढ्यावरच "कुटुंबात सरासरी तीन सदस्य" असं लिहून मोकळा होतो. आकडा खरा, पण तो गावाचा नव्हे, त्या महिन्याचा. अशा गावांत पाहणी मे महिन्यात किंवा गणपती ते दसरा या काळात ठेवा. सोयाबीनच्या पट्ट्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर काढणीत कुणालाच उसंत नसते, तिथे पेरणीनंतरचा ऑगस्ट बरा. आठवडी बाजाराच्या दिवशी घरोघर जाऊ नका, माणसं बाजारात असतात. बैठकीत मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि प्रत्येकाने आपल्या गावांची पिकं, स्थलांतर, जत्रा आणि बाजाराचे वार त्यावर भरायचे. हा कागद आरएसीपुढेही (संशोधन सल्लागार समितीपुढेही) ठेवता येतो.

प्रश्नावलीही तिथेच तपासा. "आपले वार्षिक उत्पन्न किती?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक प्रश्नावलीत असतो आणि जवळपास प्रत्येक वेळी त्याचं उत्तर निरुपयोगी निघतं. शेतकरी किंवा तोडकामगार वर्षाचा हिशेब धरत नाही. शिवाय समोरचा रेशनकार्डाची किंवा योजनेची चौकशी करतोय, अशी शंका येते. तोच प्रश्न फोडून विचारा: सोयाबीनचे कट्टे किती झाले, आडतीवर काय भाव लागला, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, त्यातली किती फिटली, कोयत्यावर किती जण होते. बेरीज आपण करायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "कामगार किती" असं विचारलं की एक उत्तर येतं आणि बाई मोजणीतूनच निसटते. नमुन्याबाहेरच्या दहा-बारा घरांत आधी चाचणी घ्या. ज्या प्रश्नाला तिघे जण सारखंच थांबतात, तो बदला.

"नमुना ३०० घेतला" याला कारण हवं. १,२०० कुटुंबांच्या गावात ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली, तर मोठ्या लोकसंख्येसाठीचा ३८५ हा आकडा दुरुस्त होऊन सुमारे २९२ येतो. दहा टक्के घरं बंद असतील किंवा नकार देतील असं धरलं तर यादी ३२५ घरांची काढा. हे गणित प्रत्येकाने आपल्या आकड्यांवर बैठकीतच, हाताने करायचं. जो करतो त्याला मौखिकीत, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, उत्तर देता येतं.

इतिहास किंवा जमीन महसुलावर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी बैठक ठेवा. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे बरेच कागद उर्दूत आहेत आणि हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. तारखा फसली सनात, म्हणजे संस्थानाच्या महसुली कालगणनेत असतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई, म्हणून फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. महिना न पाहता सन बदलला तर सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई एक वर्ष आधी झाल्याचं लिहिलं जातं. उर्दू वाचायला निदान सहा महिने आधी सुरुवात करा, पैसे देऊन करवून घेतलेल्या अनुवादावर सगळा प्रबंध उभा करू नका.

आरएसीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. तीन पानं पुरतात: मागच्या वेळी काय ठरलं, त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का, पुढचे सहा महिने. गाईडांशी भेट झाली की त्याच रात्री त्यांना पाच ओळींचा निरोप पाठवा: "सर, आज असं ठरलं, प्रकरण दोन १५ तारखेपर्यंत देतो." पुढे गैरसमज झाला तर दोघांच्याही हातात नोंद असते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी किंवा जेआरएफसाठी (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी) प्रगती अहवाल, उपस्थिती आणि पावत्यांची एक फाइल पहिल्या दिवसापासून लावा. क्षेत्रकार्याच्या पहिल्या फेरीचा खर्च मात्र हप्त्यावर विसंबून ठरवू नका, हप्ता उशिरा आला तर हंगाम थांबत नाही.

कालमर्यादा फळ्यावर लिहून ठेवा: कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यापुढे दोन वर्षांची मुदतवाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी महिलांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. अनेक मुलींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि नोंदणी सोडून देण्याचा विचार त्या एकट्याने करत बसतात. म्हणून हे पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर सांगा.

प्रबंध सादर झाला की मौखिकीची तालीम घ्या. वीस मिनिटं मांडणी, चाळीस मिनिटं प्रश्न. प्रश्न विचारणारे दोघे त्या विषयाबाहेरचे असावेत आणि त्यांना प्रबंध आठवडाभर आधी द्यावा. "हीच गावं का?", "हा तक्ता या पानावर काय सांगतो?", "उलट निष्कर्ष निघाला असता तर?" हे तीन प्रश्न विचाराच. उत्तर देताना विद्यार्थी प्रबंधातलं पान उघडून दाखवतो का, ते पाहा. पान सापडत नसेल तर तक्त्यांची यादी पान क्रमांकांसह एका कागदावर काढून प्रतीच्या पहिल्या पानाला चिकटवा आणि तालीम पुन्हा घ्या.