दुखायचं थांबलं म्हणून मैदानात उतरू नका

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम तापला की माझ्या दवाखान्यात दर सोमवारी एकच वाक्य ऐकू येतं. "सर, आता दुखत न्हाई. रविवारी खेळू का?" विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा खेळायचं आधीच ठरवलेलं असतं, माझा नुसता शिक्का हवा असतो. एवढी वर्षं फिजिओथेरपी करून मला मोठ्या दुखापतीपेक्षा या वाक्याचीच धास्ती जास्त वाटते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण ताकद, तोल आणि वेग मागाहून, आणि मेहनत घेतली तरच येतात. पेठेतला फुटबॉलपटू असो की तालमीतला पैलवान, मधल्या या दिवसांतच बिघडतो.

मुरगळलेला पाय लगेच चोळणं

मैदानात पाय मुरगळला की कुणीतरी तेलाची बाटली काढतोच. "लचक बसवून देतो, उद्या पळशील." त्याला हात लावू देऊ नका. आत हाड मोडलं असेल तर चोळून नुकसानच होणार, आणि नुसती शीर, म्हणजे हाडांना जोडणारं लिगामेंट, ताणली असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात रगडल्यानं सूज वाढते.

त्याऐवजी एक साधी तपासणी करा. कॅनडातल्या ओटावामध्ये 1992 साली डॉक्टरांनी ती ठरवली आणि आज ती जगभर वापरली जाते. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत बोटानं दाबून बघा. मग करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर कळ आली, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता अगदी कमी.

बर्फाबद्दलही रोज विचारणा होते. आराम आणि बर्फ हे सूत्र 1978 साली रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढं मत बदललं. बर्फानं दुखणं बधिर होतं, तेवढ्यासाठी दहा मिनिटं लावा. शीर सांधायचं काम तो करत नाही. आठ दिवस पलंगावर पडून राहणं ही उलट्या बाजूची चूक. दुखणं सोसवेल तेवढं वजन पायावर लवकर द्यायला लागा.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळायची त्याची सवय मोडलेली असते. रोज दात घासताना एका पायावर उभं राहा. जमायला लागलं की डोळे मिटून. ऐकायला पोरकट वाटतं, पण हाच व्यायाम सगळ्यात जास्त टाळला जातो.

मांडी मागून धरली की ताणत बसणं

पळता पळता मांडीच्या मागं चटका बसला की पोरं वाकून बोटं पायाला लावत बसतात. फाटलेला स्नायू आणखी ओढून काय मिळणार? सरावाआधी ताणल्यानं दुखापत टळते हाही जुना समज. ऑस्ट्रेलियात सैन्यातल्या 1538 नव्या भरतीच्या जवानांवर हे तपासलं गेलं, 2000 साली निष्कर्ष आला, आणि ताणणाऱ्या व न ताणणाऱ्या गटांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही.

ज्याचा उपयोग होतो तो व्यायाम मात्र आपल्याकडं फार कमी जण करतात. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं टाचा घट्ट धरायच्या, आणि कंबर न मोडता सरळ शरीरानं सावकाश पुढं झुकायचं, आता पडतो असं वाटेपर्यंत. याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कमधल्या 50 फुटबॉल संघांवर केलेल्या आणि 2011 साली छापून आलेल्या अभ्यासात यामुळं मांडीच्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या. ताजी दुखापत भरल्यावरच सुरू करा आणि पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच सेट मारा. पहिल्याच दिवशी तीस मारून दुसऱ्या दिवशी जिना उतरता न आलेले दोन पैलवान मी बघितलेत. जोर-बैठकांची सवय इथं कामाला येत नाही.

इंजेक्शन घेऊन आखाड्यात

गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन स्पर्धेला उतरणारे आहेत. कळ दबली की गुडघा सावध करायचा थांबतो आणि उरलेलं काम समोरच्याचा डाव करतो. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून अशी इंजेक्शनं, सांध्यात दिलेली सुद्धा, स्पर्धेच्या काळात उत्तेजकांच्या बंदीत येतात. इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना स्पर्धेची तारीख सांगा.

कानाचंही थोडं. मोडका कान हा पैलवानाचा दागिना मानतात, ते खुशाल मानावं. पण ताजा सुजलेला कान म्हणजे कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये साठलेलं रक्त. ते चार-पाच दिवसांत कानाच्या डॉक्टरांकडून काढून, दाबपट्टी बांधून घेतली तर कान वाचतो. घरी सुई खुपसू नका.

कॅलेंडर बघून परतणं

गुडघ्याच्या लिगामेंटचं, म्हणजे एसीएलचं, ऑपरेशन झालं की सहा महिने हा आकडा पोरांच्या डोक्यात पक्का बसतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 106 जणांना दोन वर्षं पाहिलं आणि 2016 साली निष्कर्ष मांडले. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागं गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्यानं घटलं. ताकद आणि उडीच्या चाचण्या पास न होता परतलेल्यांपैकी 38 टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला, पास झालेल्यांपैकी 6 टक्क्यांपेक्षा कमी. माणसं थोडी होती, म्हणून आकडे देव्हाऱ्यात ठेवायचे नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

माझ्याकडं फरशीवर मोजपट्टी चिकटवलेली आहे. परवा एक डिफेंडर आला, ऑपरेशनला सात महिने, तोंडावर तेच वाक्य. म्हटलं, एका पायावर उडी मार आणि त्याच पायावर थांब. चांगल्या पायावर 180 सेंटीमीटर गेला. ऑपरेशनच्या पायावर 130, आणि उतरताना गुडघा आत वळला. किमान 162 हवेत, म्हणजे नव्वद टक्के. पट्टीकडं बघून तो गप्प झाला. मी तासभर समजावून जे झालं नसतं ते पट्टीनं केलं. यातही एक गोम आहे. घरी बसून चांगला पायही बारीक होतो, मग त्याच्याशी केलेली तुलना खोटा धीर देते. म्हणून जमलं तर ऑपरेशनआधीच चांगल्या पायाचं माप लिहून ठेवा.

त्याला लिहून दिलं ते असं. दोन महिने ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा. मग परत पट्टी. पास झाला तर आधी धक्काबुक्की नसलेला सराव, मग पूर्ण सराव निदान तीन आठवडे, आणि पहिल्या मॅचला शेवटची वीस मिनिटं.