दाताच्या खुर्चीपर्यंत पोचण्याआधी: ऑटिस्टिक मुलासाठी तयारीची यादी

आधी ठरवायचं ते हे, की घाई आहे की नाही. न बोलणारं मूल "दाढ दुखते" असं सांगत नाही. ते एकाच बाजूने चावतं, आवडीचं गार दही अचानक सोडून देतं, गालावर चापट मारून घेतं, रात्री उठून बसतं, डोकं आपटतं. हे सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. वागण्यात अचानक बदल झाला तर टॉर्च घेऊन तोंडात बघावं. गाल सुजला असेल आणि सोबत ताप असेल, तर खालची सगळी तयारी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तसं नसेल तर काही आठवडे हाताशी आहेत असं समजा आणि ते सत्कारणी लावा.

फोन करण्याआधी दवाखाना निवडा. लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, हे बीडीएसनंतर ३ वर्षं याच विषयात एमडीएस करतात आणि विशेष गरजा असलेली मुलं त्यांच्या शिक्षणाचा भाग असतात. म्हणून पहिली पसंती त्यांना द्या. इंदूरात एम.वाय. हॉस्पिटलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासून आहे, तिथेही मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. मात्र सरकारी ठिकाणी गर्दी आणि गोंगाट धरूनच चालावं. आधी एकट्याने जाऊन कोणत्या वेळी गर्दी कमी असते ते बघून या. अपंग व्यक्ती अधिकार कायदा, २०१६ च्या कलम २५ मध्ये उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. ती शांतपणे सांगितली तर रांगेत बराच फरक पडू शकतो.

फोनवर "थोडा चिडतो" असं मोघम बोलू नका. मूल ऑटिस्टिक आहे, त्याला आवाजाचा आणि तोंडाला हात लागण्याचा त्रास होतो, असं सरळ सांगा. मग विचारा: सकाळची पहिली वेळ मिळेल का? आम्ही खाली गाडीत थांबतो, खोली रिकामी झाली की फोन कराल का? पहिल्या दिवशी काहीही उपचार न करता फक्त खोली आणि खुर्ची दाखवाल का? आई किंवा बाबा आत राहिले तर चालेल ना? शेवटच्या प्रश्नाला "पालक बाहेरच बसतात" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख घेताना कॅलेंडरही बघा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) आसपास नकोच. रस्ते बंद असतात आणि ढोल-ताशांनी मूल आधीच थकलेलं असतं.

डॉक्टरांसाठी एक पानभर माहिती लिहून ठेवा, आणि ती हिंदीत लिहा, कारण खुर्चीपाशी उभ्या असलेल्या मदतनीस दीदीलाही ती वाचता यायला हवी. कोणता आवाज सहन होत नाही, हलका स्पर्श टोचतो की घट्ट दाब आवडतो, कोणत्या वासाने उलटी येते, "नको" हे तो कसं सांगतो, कशाने शांत होतो, हे सगळं त्यात असू द्या. चालू औषधं तर आवर्जून लिहा. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दात काढताना रक्त जास्त वाहू शकतं आणि फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, त्यामुळे डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं. दवाखान्यात जायचं म्हणून त्या दिवशीचा फिट्सचा डोस चुकवायचा नाही.

आता घरचा सराव. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे. दवाखान्यात मुलाला ज्याची भीती वाटते ती एकच गोष्ट नसते. खुर्ची मागे कलते, डोळ्यांवर प्रकाश येतो, तोंडात रबरी हातमोजे, पाणी, पुदिन्याची चव आणि कवटीत घुमणारी घरघर येते, आणि हे सगळं एकाच मिनिटात. म्हणून एकेक गोष्ट सुटी करून तिची ओळख करून द्यायची.

मागे कलण्यापासून सुरुवात करा, कारण बऱ्याच मुलांना प्रत्यक्ष उपचारापेक्षा डोकं मागे जाण्याचीच धास्ती असते. तुम्ही पलंगावर बसा, त्याचं डोकं मांडीवर घ्या आणि तसंच आडवं ठेवून दात घासा. घरी आजोबांची आरामखुर्ची असेल तर उत्तमच. मग प्रकाश: काळा गॉगल लावून, टॉर्च आधी छातीवर, नंतर हनुवटीवर, मग तोंडाजवळ. हातमोज्यांचा डबा मेडिकलमधून आणा, आणि दवाखान्यात कोणते वापरतात ते विचारून तसलेच आणा. आधी ते त्यालाच घालू द्या, फुगवू द्या, मग तुमचं मोजा घातलेलं बोट त्याच्या ओठांवर, आणि पुढच्या आठवड्यात हिरडीवर. लवंगेच्या तेलाचा वास दाताच्या दवाखान्यात हमखास असतो, आणि लवंग तर आपल्या डब्यात असतेच. ती रोज थोडी हुंगायला दिली की तो वास परका राहत नाही.

आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगते. सकाळी कचरागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं तरी कान झाकणारी मुलं आपल्या शहरात घरोघरी सापडतील. त्यांच्यासाठी कान झाकणारे हेडफोन घ्याच. पण दातावर चालणाऱ्या मशीनचा बराचसा आवाज हाडातून कानात पोचतो, तो हेडफोनने अडत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारा ब्रश कामाला येतो. तो चालू करून आधी तळहातावर ठेवा, मग कोपरावर, गालावर, आणि शेवटी दातावर. मशीनचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून, खेळता खेळता ऐकवा आणि दिवसागणिक किंचित वाढवा. मूल चेहरा फिरवू लागलं की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवायचा.

तोंड उघडं ठेवण्याचा सराव आकड्यांवर करा. "पाचपर्यंत" म्हटलं की पाचला थांबायचं. सगळं छान चाललंय म्हणून सहा म्हणायचं नाही. उद्या डॉक्टर "दहा मोजतो" म्हणतील, तेव्हा मूल याच विश्वासावर तोंड उघडणार आहे. शब्दही आधी ठरवून घ्या. घरी आपण "आ कर" म्हणतो, दवाखान्यात "मुँह खोलो" ऐकू येतं, आणि घाबरलेल्या मुलाला तो नवाच हुकूम वाटतो. एक तर डॉक्टरांना तुमचे शब्द सांगा, नाहीतर घरी दोन्ही म्हणायची सवय लावा.

खोली बघायला जाल त्या दिवशी फोटो काढून आणा: फाटक, जिना किंवा लिफ्ट, बसायची जागा, खुर्ची, दिवा, डॉक्टर मास्कशिवाय आणि मास्क लावून. इंटरनेटवरची चित्रं नकोत, हाच दवाखाना हवा. हे फोटो ओळीने चिकटवा आणि शेवटचा फोटो घराचा किंवा तिथून जिथे जायचं ठरलंय त्या जागेचा लावा. रोज झोपताना ती पट्टी एकदा बघायची. "काहीच होणार नाही" असं चुकूनही म्हणू नका. "पाणी उडेल, घर्र वाजेल, मग संपेल" हे खरं आहे, तेच सांगा. आणि घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसह, बजावून ठेवा की जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील, ही धमकी आजपासून बंद.

पिशवी आदल्या रात्री भरा. हेडफोन, गॉगल, घरचा टॉवेल, चघळायचं खेळणं, चूळ भरायला त्याचाच ग्लास, सवयीची टूथपेस्ट (क्लीनिंगसाठी डॉक्टर तीच वापरतील का, विचारा), सुका शर्ट, आणि इंटरनेटशिवाय चालेल असा त्याचा आवडता व्हिडिओ. टॅग कापलेले जुने मऊ कपडे घाला. नाश्ता नेहमीचाच, पण थोडा आधी आणि कमी. पोहे चालतील, वरची शेव मात्र दातात अडकते.

आत गेल्यावर एकाच माणसाने बोलायचं. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही रीत दंतवैद्यकात १९५९ पासून आहे, ती प्रत्येक हत्यारासाठी वापरायला सांगा. हात वर केला की सगळं थांबेल ही खूण ठरवा, आणि पहिल्यांदा तो नुसतं पाहायला हात वर करेल तेव्हाही खरंच थांबा. मोठा दिवा मंद करता येतो का विचारा. एक्स-रेचं जड शिशाचं एप्रन अंगावर ठेवलं तर त्या दाबाने बरीच मुलं निवांत होतात. लॉस एंजेलिसमधल्या ऑटिस्टिक मुलांवरचा एक अभ्यास २०२३ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात आला. त्यात मंद प्रकाश, शांत संगीत आणि अंगाभोवती घट्ट दाब एवढ्या बदलांनी मुलांच्या शरीरावरचा ताण कमी झालेला दिसला.

"चार जण धरतो, पाच मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. जिवाला धोका नसताना धरून केलेला उपचार पुढची सगळी वर्षं महाग करून ठेवतो. त्याऐवजी पर्याय विचारा. कीड लहान असेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नुसतं लावून ती थांबवता येते. मशीन नाही, सुई नाही, फक्त किडकी जागा काळी पडते, हे आधी माहीत असू द्या. दुधाच्या दाढेवर न कोरता स्टीलची कॅप बसवायची हॉल पद्धतही आहे. काम खूपच असेल तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळं उरकणं मला वारंवारच्या ओढाताणीपेक्षा बरं वाटतं, पण ते भूलतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलातच. सर्वसाधारण नियम ६ तास आधी हलकं खाणं बंद आणि २ तास आधी पाणीही बंद असा असतो, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तोच पाळा. भूल देण्याच्या मास्कचा सराव घरी करा, आणि मूल शुद्धीवर येईल तेव्हा तुम्ही शेजारी असाल हे आधीच कबूल करून घ्या.

सुई देऊन बधिर केलं असेल तर पुढचे दोन-तीन तास नजर हलवू नका. बधिर ओठ मुलाला विचित्र लागतो आणि ते तो चावून रक्तबंबाळ करतं. बधिरपणा जाईपर्यंत खायला काही नको. ठरवलेलं बक्षीस मात्र लगेच द्या, रडला तरी द्या.

कागदांचं थोडक्यात: यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि दातांची प्रतिबंधक काळजीही त्यात धरलेली आहे. बिलं जपून ठेवा.

निघण्याआधी काय चाललं आणि काय नाही हे डॉक्टरांच्या फाइलमध्ये लिहून घ्या, आणि तीन महिन्यांनंतरची अशी एक तारीख घ्या ज्या दिवशी खुर्चीत बसून दात मोजण्यापलीकडे काहीही करायचं नाही.