पाळलेल्या बेडकाने खाणे सोडल्यास काय करावे

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आढळणारा व्हाइट्स ट्री फ्रॉग हा जाड अंगाचा हिरवा बेडूक आज जगभर हौसेने पाळला जातो. नीट सांभाळला तर तो १५ वर्षांहून अधिक जगतो, माणसाच्या वावराला फारसा बुजत नाही, आणि इतका खादाड असतो की समोर धरलेल्या रातकिड्याकडे त्याने पाठ फिरवली की मालकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी काहीही करून दोन घास पोटात जावेत, असेच बहुतेकांना वाटते. घरातले कोणी आजारी पडले की आपल्याकडे हीच रीत असते. बेडकाच्या बाबतीत ती सोडून द्यावी. त्याच्या अंगातली ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते आणि पाणी तो तोंडाने न पिता कातडीतून घेतो, त्यामुळे राहण्याच्या जागेत काही बिघडले की त्याची भूक आधी मरते. जागा न सुधारता भरवलेला घास थंड पोटात न पचता सडतो आणि साध्या अडचणीचा आजार होतो. म्हणून आधी जागा, मग पाणी, मग शरीराची तपासणी आणि सर्वांत शेवटी अन्न, असा क्रम ठेवावा.

या क्रमाला अपवाद एकच. गुदद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर आला असेल, पोट व मांड्यांची खालची बाजू लाल पडली असेल, अंग पाण्याने भरल्यासारखे फुगले असेल, झटके येत असतील किंवा उताणा केल्यावर बेडूक लगेच सुलटा होत नसेल, तर घरचे प्रयोग न करता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

खरोखर आजारी आहे का, हे ठरवा

नवीन आणलेला बेडूक पहिला आठवडा-दोन आठवडे खात नाही, यात विशेष काही नाही. त्याला अंधार, आडोसा आणि शांतता द्यावी व सारखे झाकण उघडून पाहू नये. कात टाकण्याच्या सुमारासही तो खात नाही. त्या वेळी तो पाठ फुगवून, तोंड पुन्हा पुन्हा उघडून सुटलेली कातडी गिळत असतो आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्याला त्याला गुदमरल्यासारखे होत आहे असे वाटते. विणीच्या काळात नरांचे आणि थंडीत सगळ्यांचेच खाणे कमी होते. पॅकमन या नावाने विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक तर कोरड्या, थंड दिवसांत मातीत शिरून कातडीच्या थरांचे वेष्टन अंगाभोवती करून घेतो आणि त्या अवस्थेत अन्नाकडे पाहतही नाही.

अंगाने भरलेला प्रौढ बेडूक दोन आठवडे उपाशी राहिला तरी सहसा तग धरतो. पिल्लाला एवढा अवधी देता येत नाही. ते काही दिवसांतच खंगू लागते.

अंदाजावर न राहता वजन करावे. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा, त्यावर झाकणाचा हलका डबा ओलसर टिश्यू पेपरसह ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग बेडूक डब्यात घ्यावा. इथे एक गोम आहे. बेडूक मूत्राशयात बरेच पाणी साठवून ठेवतो आणि हात लागताच ते सोडून देतो, त्यामुळे एकाच वजनात काही ग्रॅमचा फरक सहज पडतो. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी वजन करून आकडे लिहून ठेवावेत. वजन सतत उतरत जाऊन मूळ वजनाच्या दहाव्या भागाइतकी घट झाली, तर वाट पाहण्याचे दिवस संपले असे समजावे. त्याच वहीत शेवटचे खाणे कधी झाले, विष्ठा कधी झाली आणि कात कधी टाकली, हेही नोंदवावे. पशुवैद्य पहिल्यांदा हेच विचारतात.

काचपेटीतली हवा तपासा

व्हाइट्स ट्री फ्रॉगला दिवसा २४ ते २९ अंश सेल्सिअस आणि रात्री त्यापेक्षा काही अंश कमी तापमान मानवते. पेटीच्या उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर ठेवावा, कारण काचेला हात लावून ‘बरे आहे’ असे ठरवण्याला काही अर्थ नसतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात पेटी थंड पडल्यामुळे भूक जाते. तेथे थर्मोस्टॅट जोडलेली उष्णतेची चटई पेटीच्या बाहेरून, बाजूच्या काचेला लावणे सर्वांत सुरक्षित. गरम होणारे दगड आत ठेवू नयेत, कारण पोटाची कातडी भाजेपर्यंत बेडूक त्यांवरून हलत नाही.

महाराष्ट्रात प्रश्न बहुधा उलटा असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या पेटीचे तापमान ३२ अंशांच्या पुढे जायला वेळ लागत नाही आणि तेवढ्या उष्णतेत बेडूक खाणे सोडून पाण्याच्या भांड्यात बसून राहतो. वातानुकूलन यंत्र लावले की तापमान उतरते, पण हवा कोरडी पडते. या जातीला साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रता पुरते. सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा, मात्र पेटी सतत चिंब ठेवू नये, कारण कोंदट, ओल्या जागेत कातडीचे रोग वाढतात.

आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे डास मारणाऱ्या वड्या, अगरबत्त्या आणि भिंतीला लावायची द्रवाची यंत्रे. त्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके बेडकांना विषारी असतात. ज्या खोलीत पेटी आहे, तेथे ती लावू नयेत आणि फरशी पुसताना फिनेलही वापरू नये.

पाणी बदला

नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्या भांड्यात पाणी २४ तास ठेवल्यास बरेचसे उडून जाते. क्लोरॅमाइन हे जंतुनाशक मात्र असे जात नाही. काही शहरांच्या पाण्यात ते असते, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन व क्लोरॅमाइन दोन्ही काढणारे द्रव वापरणे बरे. अति शुद्ध म्हणून डिस्टिल्ड पाणी भरू नये, कारण त्यात क्षार नसल्याने बेडकाच्या अंगातले क्षार कातडीवाटे बाहेर झिरपतात. बेडूक भांड्यातच विष्ठा करतो आणि तिच्यापासून होणारा अमोनिया पुन्हा त्याच्याच कातडीतून आत जातो, तेव्हा पाणी रोज बदलावे.

आजारपणात पेटीतली माती, शेवाळ आणि नारळाचा भुसा काढून ओलसर, पांढरा, सुगंध नसलेला टिश्यू पेपर अंथरावा. यामुळे विष्ठा लगेच दिसते आणि अन्नाबरोबर खडी किंवा भुसा गिळला जाण्याची भीती राहत नाही. गिळलेल्या खड्याने आतडे तुंबणे हे खाणे थांबण्याचे नेहमीचे कारण आहे. पोट टणक लागत असेल आणि बरेच दिवस विष्ठा झाली नसेल, तर एक्स-रे काढूनच खात्री होते.

शरीर पाहा

हात साबणाने धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही इतके खळखळून घ्यावेत आणि पावडर नसलेले, क्लोरीनरहित पाण्याने ओले केलेले नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे घालावेत. कोरड्या बोटांनी कातडीवरचा चिकट थर निघतो. तपासणी एक-दोन मिनिटांत आटोपावी.

पाय वाकडे दिसणे, बोटे थरथरणे किंवा जबडा रबरासारखा मऊ लागणे ही कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण आहे. अशा बेडकाला भूक असते, पण भक्ष्य पकडून धरण्याइतके बळ जबड्यात नसते. डोळ्यांवर पांढुरका पडदा आला असेल, तर त्याला भक्ष्य दिसत नसेल. वर्षानुवर्षे चरबीयुक्त अळ्या खाऊन लठ्ठ झालेल्या व्हाइट्स ट्री फ्रॉगमध्ये डोळ्यात चरबी साठून असे होते.

सर्वांत फसवे लक्षण जिभेचे असते. बेडूक रातकिड्यावर नेम धरतो, झेप घेतो, जीभ बाहेर टाकतो, आणि किडा जिभेला न चिकटता बाजूला पडतो. मालक म्हणतो, ‘याचे लक्षच नाही.’ काही दिवसांनी बेडूक प्रयत्न करणेच सोडतो आणि मग ते अन्न नाकारणे वाटू लागते. प्रत्यक्षात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने जिभेतल्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बिघडलेल्या असतात. म्हणून तो खात नाही एवढेच पाहून थांबू नये. तो झेप घेतो का आणि झेपेनंतर काय होते, हे मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा मात्र पशुवैद्यानेच ठरवावी, कारण तिचा अतिरेकही बाधतो.

कातडी वारंवार आणि तुकड्यातुकड्यांनी निघणे, दिवसाही उघड्यावर मागचे पाय पसरून मलूल बसणे ही लक्षणे कायट्रिड बुरशीची असू शकतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकाच्या कातडीतून वेगळी केलेली ही बुरशी १९९९ मध्ये शास्त्रीय नावासह नोंदवली गेली, आणि जगभरातल्या कित्येक जातींच्या ऱ्हासाला ती कारण ठरली आहे. ती कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी हृदय थांबते. कातडीवरून फिरवलेल्या बोळ्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीने निदान होते आणि वेळेवर औषध मिळाल्यास बेडूक वाचूही शकतो.

हळद, तूप, मध किंवा माणसांसाठीचे कोणतेही मलम बेडकाला लावू नये. आपल्याला वरवरचा वाटणारा लेप त्याच्या बाबतीत थेट रक्तात जातो आणि वेदनाशामक मिसळलेली मलमे तर जीवघेणी ठरतात.

आधी पाणी द्या, नंतर अन्न

उपाशी बेडूक बहुधा पाण्यालाही मुकलेला असतो. पसरट भांड्यात खोलीच्या तापमानाचे क्लोरीनरहित पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकेच घ्यावे आणि त्यात त्याला अर्धा तास, डोळ्यासमोर, बसू द्यावे. असे दिवसातून एकदा पुरे.

दोन-तीन दिवस हवा-पाणी ठीक राहिले, की दिवे मालवल्यानंतर अन्न पुढे करावे; हा निशाचर प्राणी आहे आणि भर उजेडातल्या नकारावरून काही ठरत नाही. न हलणाऱ्या वस्तूला बेडूक अन्न मानत नाही. बोथट टोकाच्या लांब चिमट्यात गांडूळ किंवा रातकिडा धरून त्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, समोरून न आणता किंचित बाजूने, हळूहळू हलवावा. भक्ष्याची लांबी बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. रोज रातकिडे खाणारा बेडूक कधी कधी गांडुळाच्या वळवळीने जागा होतो, म्हणून प्रकार बदलून पाहावा. दहा मिनिटांत प्रतिसाद आला नाही तर थांबावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत, कारण भुकेले रातकिडे अशक्त बेडकाची कातडी कुरतडतात. बागेतले किडे फवारणीमुळे टाळावेत, आणि मे-जूनमध्ये सह्याद्रीत मुबलक दिसणारे काजवे तर कधीच देऊ नयेत. त्यांच्यातले विष अशा प्राण्यांना सोसत नाही.

तोंड उघडून भरवावे का?

शक्यतो नाही. बेडकाचा जबडा नाजूक असतो आणि धातूच्या चिमट्याने तो सहज मोडतो. शिवाय घास गिळताना बेडूक डोळ्यांचे गोळे आत ओढून त्यांच्या दाबाने अन्न घशाकडे ढकलतो; अर्धमेल्या प्राण्यात हे बळ उरलेले नसते आणि द्रव अन्न श्वासनलिकेत जाते. वजन सतत उतरत असेल, कारण कळले असेल आणि पशुवैद्याने सांगितले असेल, तरच हे करावे. ते कसे करायचे, हे त्यांनी आपल्यासमोर एकदा करून दाखवावे असा आग्रह धरावा. मांसाहारी प्राण्यांसाठीचे पातळ करून द्यायचे चूर्ण मिळते. किती द्यायचे ते वजनावर ठरते, आणि फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट देणे धोक्याचे असते.

पशुवैद्याकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे प्रत्येक डॉक्टर बेडूक पाहतीलच असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारावे. परदेशातल्या वाचकांना असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेच्या यादीतून जवळचे नाव मिळेल. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येते. बेडकाला छिद्रे पाडलेल्या डब्यात ओल्या टिश्यूवर न्यावे, पाणी भरून नव्हे. ताजी विष्ठा लहान डबीत सोबत घ्यावी, कारण कृमींची तपासणी तिच्यावरच होते. वजनाची वही, चित्रण आणि पेटीतल्या पाण्याचा नमुनाही न्यावा.

पावसाळ्यात अंगणातून उचलून आणलेल्या बेडकाची गोष्ट वेगळी आहे. तो खात नसेल तर उपचारांच्या मागे न लागता, जेथे सापडला तेथेच त्याला सोडावे. मोठा पिवळा बुलफ्रॉग तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि तो घरी ठेवताच येत नाही.

घरातले इतर प्राणी आणि माणसे

आजारी बेडूक दुसऱ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा आणि त्याचे काम रोज सर्वांत शेवटी करावे. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात पाळीव आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉगमुळे साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जीवाणूची साथ पसरली होती आणि तिची झळ मुख्यतः लहान मुलांना बसली. बेडूक दगावलाच आणि घरात आणखी बेडूक असतील, तर मृतदेह शीतकपाटात, पण फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवून लगेच शवविच्छेदनासाठी द्यावा, कारण गोठवल्याने ऊतींची तपासणी नीट होत नाही. पेटीतले पाणी ब्लीच मिसळून, काही वेळ ठेवून शौचालयात ओतावे. पश्चिम घाटातल्या बेडकांमध्येही कायट्रिड बुरशी आढळलेली आहे, तेव्हा परदेशी बेडकाच्या पेटीतले पाणी किंवा माती ओढ्यात, विहिरीत वा बागेत टाकू नये.