ना आराम, ना सराव: हिवाळी सुट्टीतल्या या चुका टाळा

हिवाळी सुट्टी संपत आली की एक तक्रार हमखास ऐकू येते: "आरामही झाला नाही आणि हातून कामही झालं नाही." चित्रं काढणारे, लिहिणारे, वाद्य वाजवणारे, गाणारे, सगळ्यांची तीच गत. आपण लगेच त्याला आळस म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. खरी गडबड अशी होते की आराम आणि सराव एकमेकांत कालवले जातात. पडल्या पडल्या वहीची आठवण टोचत राहते आणि वही उघडली की डोळे मिटायला लागतात. दोन्हींना आपापली जागा दिली की निम्मी चिडचिड तिथेच संपते.

वर्षभराची उधारी सुट्टीत फेडायला काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि मी ती बरीच वर्षं केली. एका डिसेंबरात वहीच्या पहिल्या पानावर यादी लिहिली होती: रोज दोन रेखाटनं, अर्धवट राहिलेली कथा, जलरंगातली सहा चित्रं, शिवाय साचलेलं वाचन. चौथ्या दिवशी फक्त दोन ओळींवर खूण झाली होती. पाचव्या दिवशी मी ती वही उशाजवळून उचलून कपाटात ठेवली, कारण ती दिसली की पोटात खड्डा पडायचा. यादीतलं एकही काम चुकीचं नव्हतं. चुकला होता तो हिशेब: सुट्टीचे सगळे तास मी मोकळे धरले होते. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन दिवस अंगात मुरलेला थकवा निघण्यातच जातात आणि उरलेल्या दिवसांवर प्रवास, पाहुणे, रखडलेली घरकामं हक्क सांगतात.

बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला, अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यातले सर्वात तयारीचे विद्यार्थी एकट्यानं करायचा सराव दिवसाला सरासरी साडेतीन तासच करत, तोही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन. दुपारची झोपही ते इतरांपेक्षा जास्त घेत. ज्यांचं आयुष्यच व्हायोलिनवर उभं राहणार होतं त्यांचं हे गणित. मग थकून सुट्टीवर आलेल्या माणसानं स्वतःकडून सहा-सात तासांची अपेक्षा कशाच्या जोरावर धरावी?

उपाय: एकच काम निवडा, आणि ते 20 मिनिटांत हात लावून ठेवून देता येईल एवढं लहान करा. 'कथा पूर्ण' असं लिहू नका, 'रोज एक परिच्छेद' लिहा. 'अख्खी रचना बसवायची' याच्या जागी 'अडणारा तुकडा संथ लयीत पाच वेळा'. आणि पहिले दोन दिवस सराव नाहीच, हे आधीच ठरवून टाका. ठरवून घेतलेली सुट्टी आणि हुकलेला सराव, दोन्ही दिवशी काम शून्यच होतं. पण ठरवलेल्या सुट्टीच्या दिवशी माणूस निवांत झोपतो आणि सराव हुकलेल्या दिवशी मनाला खात बसतो.

फोन हातात घेऊन पडण्याला विश्रांती समजणं

लक्षण ओळखायला सोपं आहे: तीन तास लोळूनही डोकं जड. शरीर पडलेलं होतं, पण नजर आणि मन एका पडद्यावरून दुसऱ्यावर धावत होतं. अशा वेळात डोक्यात काहीच मुरत नाही.

गणितज्ञ आँरी प्वांकारे यांनी सांगितलेला अनुभव मला इथे नेहमी आठवतो. एका प्रश्नाशी कित्येक दिवस झुंजल्यावर ते सहलीला निघाले. प्रवासात गणित डोक्यातून गेलं होतं, आणि घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी उत्तर सुचलं. ही गोष्ट सांगताना लोक पायरी लक्षात ठेवतात, आधीची झुंज विसरतात. रिकामा वेळ कामाला येतो तो आधी मनात काहीतरी घोळत असेल तरच. म्हणून फिरायला निघण्यापूर्वी अडलेल्या जागेकडे पाच-दहा मिनिटं नीट बघा, मग फोन घरी ठेवून बाहेर पडा. आंघोळ, खिडकीत नुसतं बसणं, लोकर विणणं, भांडी घासणं, सगळं चालतं. फक्त त्या वेळी कानात आणि डोळ्यांत काही ओतत राहू नका.

झोपेची घडी मोडणं

रात्री दोनपर्यंत जागायचं आणि सकाळी अकराला उठायचं. मग सरावाला बसलं की बोटं ऐकत नाहीत, शब्द सापडत नाहीत आणि आपण म्हणतो, हात सुटला. हात सुटलेला नसतो. लांब झोपेतून उठल्यावर मेंदूवरची गुंगी उतरायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्या वेळात स्वतःची परीक्षा घेऊ नका.

झोप हा सरावाचाच भाग आहे, हे माझं ठाम मत. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली एक प्रयोग मांडला. लोकांना बोटांनी कळा दाबायचा एक क्रम शिकवला, तर रात्रीच्या झोपेनंतर, मधे कसलाही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे 20 टक्के वाढला. तेवढेच तास जागं राहून तशी वाढ दिसली नाही. तेव्हा भरपूर झोपा, मात्र उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा तासाभरापलीकडे ढकलू नका. दुपारी डुलकी हवी असेल तर 20 मिनिटांचा गजर लावा.

थंडीला हिशेबात न धरणं

गार बोटं मंद चालतात. आधी हात कोमट पाण्यात धरा, मगच वाद्य उचला. गळ्याचंही तसंच, थेट वरच्या पट्टीला जाऊ नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, म्हणून तंतुवाद्य हीटरपासून लांब, पेटीत बंद ठेवा. तैलरंग थंडीत सावकाश वाळतात. अ‍ॅक्रिलिकचा थर साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली नीट जमत नाही आणि पुढे तडकू शकतो. आणि दिवस लहान असतो, त्यामुळे रंग मिसळायचं काम उजेडात करा, रेघांचं काम संध्याकाळी दिव्याखाली.

घरच्यांना न सांगता दार लावून घेणं

सुट्टीत तुम्ही मोकळेच आहात असं घरच्यांना वाटतं, त्यात त्यांची चूक नाही. "आत काय करतेयस गं एवढा वेळ?" या प्रश्नावर चिडण्यापेक्षा सकाळीच सांगून ठेवा, "साडेदहा ते अकरा मी लिहायला बसणार आहे, अकरा वाजता बाहेर येते." आणि अकराला खरंच बाहेर या, परिच्छेद अर्धा राहिला तरी. दोन दिवस वेळ पाळली की तिसऱ्या दिवशी दारावर टकटक होत नाही.

एक दिवस चुकला म्हणून सगळंच सोडणं

फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं त्यात दिसलं. मंगळवार गेला तर बुधवारी मंगळवारचं काम करू नका. बुधवारची 20 मिनिटं करा, बस.

परतल्यावर दामदुप्पट भरपाई

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी तीन तास वाजवलं, मनगट दुखायला लागलं, पुढचा आठवडा बसून काढला. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. मोठा खंड पडला असेल तर पहिले तीन-चार दिवस नेहमीच्या निम्माच वेळ, आणि सोपं, ओळखीचं काम. मुंग्या आल्या किंवा दुखू लागलं तर तिथेच थांबा. काही दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काम मुद्दाम अर्धवट सोडा आणि पुढची पायरी पेन्सिलीनं तिथेच लिहून ठेवा: 'इथून दुसरी ओळ, हळू', किंवा 'उजवीकडची सावली बाकी'. परत बसाल तेव्हा सुरुवात कुठून करायची हे शोधत बसावं लागणार नाही.