बुरशीचा गट न ओळखता फवारताय? या चुका टाळा

पानावर पांढरं दिसलं की दुकानात हाताला लागेल ते बुरशीनाशक आणायचं आणि फवारून मोकळं व्हायचं, हे तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर सर्रास चालतं. औषध वाया जातं आणि घडही हातचे जातात. आधी गट ओळखा, मग औषध ठरवा.

भुरी आणि डाऊनी एकच समजणे

पान उलटून पाहा. वरून तेलकट पिवळसर डाग आणि नेमकं त्याच डागाखाली कापसासारखी पांढरी वाढ असेल, तर तो डाऊनी, म्हणजे केवडा. पान, कोवळी काडी, मणी यांवर राखेसारखी पावडर असेल आणि बोटाने पुसली जात असेल, तर ती भुरी.

भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा पदार्थ असतो आणि पेशीपटलात तिने स्वतः बनवलेलं स्टेरॉल, म्हणजे एक स्निग्ध घटक. डाऊनी मात्र खऱ्या बुरशीत मोडतच नाही. ती ऊमायसीट गटातली, नात्याने तपकिरी शैवालांच्या जवळची. तिचे चल बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात, म्हणून पाऊस आणि दव पडलं की ती उसळते. भुरीला रुजायला पान ओलं असावं लागत नाही.

हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक स्टेरॉल तयार होणं अडवतं. डाऊनी ते तयारच करत नाही, मग औषध अडवणार काय? उलट मेटॅलॅक्सिल हे दुसरं औषध डाऊनीवर चालतं, भुरीवर नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास डाऊनीसाठीच पुढे आलं. पण ते रोग येण्याआधी मारायचं, पानात शिरलेला रोग त्याने बरा होत नाही.

हळदीच्या कंदकुजीला कार्बेन्डाझिम

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. कंदकूज बहुतेकदा पिथियम नावाच्या जमिनीतल्या सूक्ष्मजीवामुळे होते आणि पिथियमही ऊमायसीटच. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली तरी त्याला धक्का लागत नाही. मरतो तो ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशी, जो पिथियमच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांना खातो. म्हणजे शत्रू शाबूत आणि राखणदार गेला! कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच द्रावणात तर कधीच कालवू नका. आणि वाफ्यात पाणी साचू देऊ नका, पिथियमला तेच हवं असतं.

दिसतं तेवढीच बुरशी समजणे

खऱ्या बुरशीचे मोठे गट साधारण असे: पावावरचा रायझोपस झायगोमायसीटांत; यीस्ट, पेनिसिलियम, भुरी, ट्रायकोडर्मा ॲस्कोमायसीटांत; अळंबी, सोयाबीनचा तांबेरा, उसाची काणी बॅसिडिओमायसीटांत. यीस्टसारखे एकपेशीय प्रकार सोडले तर बुरशीचं खरं शरीर म्हणजे आत पसरलेलं तंतूंचं जाळं. त्यामुळे पावाचा काळा तुकडा काढून उरलेला खाऊ नये.

उसाच्या काणीतही हेच. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला की लोक तो उपटून बांधावर टाकतात. त्या काळ्या भुकटीत बीजाणू खच्चून भरलेले असतात, हिसका बसताच शेतभर उडतात. बुरशी उरते ती बेटातच. आधी पट्ट्यावर पिशवी चढवा, अलगद कापा, मग सगळं बेट मुळासकट खणून जाळा. त्या प्लॉटमधलं बेणं घेऊ नका आणि त्याचा खोडवाही ठेवू नका.